कॅसेट खराब आहे की संगीतच असं आहे?

अर्धविराम
मंडळी, मदत हवीये आणि कृपया हसू नका. एका छोट्या लेबलची कॅसेट मागवली होती. एकूण ४० प्रती, माझी २३ नंबरची, नंबर स्केचपेनने हाताने टाकलेला. हे लोक फक्त कॅसेटच काढतात, सगळं घरी रेकॉर्ड केलेलं, ड्रोन (म्हणजे एकच लांबलेला सूर), नॉइज, खरखर असलं प्रकरण. इनले कार्ड (डबीतला कागद) झेरॉक्सचं, त्यावर जळक्या प्लगचा फोटो, आत एक डाउनलोडचा कोड, बाकी माहिती शून्य, वाजवणाऱ्याचं नावसुद्धा नाही.

तर ए साइड. २२ मिनिटं एकच हुंकार, फ्रिजच्या पाठीला कान लावून बसल्यासारखा. त्यात ठक… ठक… असा ठोका. आणि तो हुंकार सारखा लचकत असतो, म्हणजे सूर किंचित खाली जातो आणि वर येतो, की पुन्हा खाली. ठोका आणि लचक यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं वाटत असतानाच तिसऱ्या मिनिटानंतर ठोका बरोब्बर दर दुसऱ्या लचकीवर पडायला लागतो, थोडा वेळ तसाच चालतो आणि मग सुटतो. सोळाव्या-सतराव्या मिनिटाला परत जुळतात, या वेळी दर तिसऱ्या लचकीवर. फक्त या दोन जागांसाठी मी ती साइड सात-आठ वेळा ऐकलीये.

आता प्रश्न असा की कॅसेट खराब निघालीये की संगीतच असं आहे? लेबलला मेल करायचा तर काय लिहू? "तुमचं संगीत बिघडलंय" असं?

बोका
कॅसेट खराब निघाली तर पैसे परत मागा. चांगली निघाली तर कान परत मागा.

निवांत
बोका =)) वाचतेय, पुढचे प्रतिसाद येऊ द्या.

स्पष्टवक्ता
आता मी बोललो की सगळ्यांना राग येणार, पण येऊ दे. हे लो-फाय, कमी दर्जाचं रेकॉर्डिंग वगैरे म्हणजे निव्वळ थेर आहेत. ज्या काळात कॅसेटशिवाय दुसरं स्वस्त काही नव्हतं त्या काळात लोकांनी कॅसेट वापरली, ठीक आहे, इलाज नव्हता. आज फोनमध्ये त्याहून दसपट चांगलं रेकॉर्डिंग होतं आणि तरी मुद्दाम खरखर आणायची, चाळीसच प्रती काढायच्या म्हणजे आपोआप दुर्मिळ, आणि घेणाऱ्याकडे पुष्कळदा डेकच नसतो, ती कॅसेट शेल्फवर उभी राहते फोटोपुरती. ज्या लू ऑटन्सच्या टीमने फिलिप्समध्ये ही कॅसेट बनवली तेच पुढे सीडीच्या कामातही होते. बनवणारा पुढे गेला, तुम्ही का मागे जाताय? आणि अर्धविराम, तुला स्वतःलाच कळत नाहीये की हे संगीत आहे की बिघाड, यातच उत्तर आलं.

अर्धविराम
स्पष्टवक्ता, कळत नाहीये म्हणूनच आठ वेळा ऐकली ना. कळलेल्या किती गोष्टी आपण आठ वेळा ऐकतो?

अनाहत
मला तर हे वर्णन वाचूनच ऐकावंसं वाटतंय. ठोका आधी दोनाच्या हिशेबाने आणि मग तिनाच्या हिशेबाने समेवर येतो, मधला सगळा वेळ अधांतरी. हा योगायोग असूच शकत नाही. ज्याने केलंय त्याला लयीची उत्तम जाण आहे. बावीस मिनिटांत फक्त दोनदा जुळवायचं आणि बाकी वेळ ऐकणाऱ्याला टांगून ठेवायचं, याला संयम लागतो हो.

टेपवाले_काका
अनाहतताई, जरा दम धरा. चाळीस वर्षं टेपरेकॉर्डर उघडतोय, माझा अशा संयमावर विश्वास नाही.

अर्धविराम, पहिले हे सांग. १) डॉल्बीचं बटण चालू आहे का? २) हेड शेवटचं कधी पुसलंस? ३) हा डेक किती वर्षं पडून होता आणि पडून असताना प्लेचं बटण दाबलेलं राहिलं होतं का?

अर्धविराम
काका, १) हो, चालूच असतं, चांगलं असतं ना ते? २) पुसायचं असतं? ३) माळ्यावर होता, बारा-तेरा वर्षं. प्ले दाबलेलं होतं की नाही आठवत नाही, पण खाली काढला तेव्हा झाकण उघडत नव्हतं, स्टॉप दाबल्यावर उघडलं.

टेपवाले_काका
स्टॉप दाबल्यावर उघडलं. म्हणजे दाबलेलं होतं.

डॉल्बी आधी बंद कर. डॉल्बी बी मध्ये रेकॉर्ड करताना वरचे बारीक आवाज वाढवून ठेवतात आणि वाजवताना तेवढेच खाली आणतात, त्याबरोबर खरखरही खाली येते. जी कॅसेट डॉल्बीत रेकॉर्डच झालेली नाही ती डॉल्बी लावून ऐकली तर नुसती तोंडावर गोधडी पडते. असली लेबलं बहुतेक वेळा डॉल्बी वापरत नाहीत. त्यांना ती खरखर हवीच असते.

हेड पुस. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या. हेड, टेप ओढणारी कॅपस्टनची दांडी आणि तिच्यावर टेप दाबून धरणारा रबराचा रोलर. काडी तपकिरी निघेल, ते टेपवरचं आयर्न ऑक्साइड. काडी पांढरी निघेपर्यंत पुसत राहायचं.

मग घड्याळ घेऊन बस. साइडच्या सुरुवातीला दहा ठोक्यांना किती वेळ लागतो आणि शेवटी किती, ते मोज. तसंच दहा लचकींचं. चार आकडे मला दे.

साठ_नव्वद
काका, हा पेशंट बाहेर का थांबवलाय, आत घ्या.

धूळपाटी
काकांचं चालू दे, मी तोवर स्पष्टवक्तांना उत्तर देतो. "इलाज नव्हता म्हणून कॅसेट" हे अर्धंच खरं आहे. फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ती आणली तेव्हा ती डिक्टेशनसाठीच होती, संगीताचा फारसा विचार नव्हता. टेप जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. स्टुडिओतली टेप याच्या आठपट वेगाने पळते. म्हणजे लो-फाय हा कॅसेटचा जन्मजात गुण, कोणी मागाहून चिकटवलेला नाही.

पण खरी गंमत ही की रेकॉर्डची तबकडी काढायला कारखाना लागतो आणि कॅसेट माणूस आपल्या खोलीत बसून एकेक काढू शकतो. म्हणून ज्या संगीताला कोणी दारात उभं करत नव्हतं ते सगळं तिकडे गेलं. मर्झबाऊ या नॉइज कलाकाराने जपानात १९७९ मध्ये लोएस्ट म्युझिक अँड आर्ट्स नावाने स्वतःचंच कॅसेट लेबल काढलं आणि टपालाने जगभर अदलाबदल सुरू केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आरओआयआर हे फक्त कॅसेट काढणारं लेबल आलं. १९८२ मध्ये अमेरिकेतल्याच ऑलिंपियात के रेकॉर्ड्स, त्यांची सुरुवातही कॅसेटनेच. १९८३ पासून टेलस नावाचं नियतकालिक तर कॅसेटवरच निघायचं, प्रायोगिक संगीताचे अंकच्या अंक, दहा वर्षं चाललं. आणि १९७९ मध्येच टॅस्कॅमचा पोर्टास्टुडिओ आला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, वेग दुप्पट. घरात बसून एकावर एक आवाज चढवायची सोय झाली.

आता इलाजाचंच म्हणता तर अमेरिकन गायक स्प्रिंगस्टीनचा अल्बम 'नेब्रास्का' घ्या, १९८२. त्या माणसाला स्टुडिओ परवडत नव्हता असं कोणी म्हणू नये. घरी पोर्टास्टुडिओवर डेमो केला, ती कॅसेट खिशात घेऊन हिंडला, नंतर बँडबरोबर तीच गाणी स्टुडिओत केली तर ती मजा येईना. शेवटी त्या कॅसेटवरूनच अल्बम काढला.

स्पष्टवक्ता
स्प्रिंगस्टीनने गाणी लिहिली होती हो. फ्रिज नव्हता लावला.

धूळपाटी
मान्य, हा टोला बसला.

बोका
फ्रिजचा अपमान सहन केला जाणार नाही.

चाळीस_प्रती
बरेच दिवसांनी लॉगिन केलं, आयडी बघून हसू नका, योगायोग आहे, अर्धविरामची कॅसेट माझी नाही. पण मी आणि एक मैत्रीण मिळून चार वर्षं असं लेबल चालवलंय म्हणून लिहिते.

दुर्मिळ करायला चाळीस प्रती काढत नाहीत हो, चाळीसच्या पुढे हात दुखतात म्हणून काढतात. ४४ मिनिटांची कॅसेट म्हणजे प्रत्येक प्रतीला ४४ मिनिटं, कारण हाय-स्पीड डबिंगने वरचे सूर मरतात म्हणून आम्ही खऱ्या वेगानेच काढायचो. चाळीस प्रतींचे एका डेकवर एकोणतीस-तीस तास. आमच्याकडे तीन डेक होते, त्यातला एक संध्याकाळनंतर रुसायचा. डबिंग चालू असताना खोलीत पंखा लावायचा नाही, कारण स्विच टाकला की टेपवर टक् उमटायचं. मग इनले कापायचे, घडी घालायची, नंबर टाकायचे. वाजवणाऱ्याला दहा प्रती द्यायच्या, पाच-सहा इतर लेबलांशी अदलाबदलीला, उरलेल्या विकायच्या. नफा हा शब्द आमच्या वहीत कुठेच नाही.

कोऱ्या कॅसेट महाग पडायला लागल्या तेव्हा आम्ही जुन्या भरलेल्या घाऊक घेतल्या आणि त्यांच्यावरच रेकॉर्ड केलं. पाठच्या कडेला ज्या दोन खिडक्या तोडलेल्या असतात तिथे चिकटपट्टी लावली की झालं. हे बरीच लेबलं करतात. पण तो रुसणारा डेक जुनं रेकॉर्डिंग नीट पुसायचाच नाही, त्याचं इरेज हेड थकलेलं. एका ग्राहकाचा मेल आला, तुमच्या ड्रोनमध्ये चौदाव्या मिनिटाला एक बाई फार लांबून "पुन्हा म्हणा… पुन्हा म्हणा" असं सांगते, ही कल्पना कोणाची, अप्रतिम आहे. ती भाषा शिकवायची कॅसेट होती. आम्ही धन्यवाद लिहून पाठवले.

अनाहत
=)) =)) आणि खरं सांगितलं नाहीत?

चाळीस_प्रती
सांगितलं असतं तर त्याची प्रत बिघडली असती.

साठ_नव्वद
याच्या उलट प्रकार अमेरिकन गायक डॅनियल जॉन्स्टनचा. साध्या टेपरेकॉर्डरसमोर बसून गाणी रेकॉर्ड करायचा आणि सुरुवातीला कॉपी काढायची सोयच नव्हती, म्हणून कोणी कॅसेट मागितली की सगळी गाणी परत पहिल्यापासून गाऊन नवी कॅसेट भरायचा. म्हणजे प्रत्येक प्रत हाच ओरिजिनल.

अवांतर: डेड केनेडीज या पंक बँडच्या १९८१ च्या कॅसेटची एक बाजू कोरी ठेवली होती आणि वर छापलं होतं की घरी टेप केल्याने रेकॉर्ड कंपन्यांचा नफा मरतोय, ही बाजू तुमच्या मदतीसाठी कोरी सोडली आहे. तेव्हा 'होम टेपिंग संगीताला मारतंय' अशी मोहीम चालू होती ना, तिला टोमणा.

निवांत
मला एक सांगा, खराब होत जाणाऱ्या टेपचंच संगीत केलेलं ते कुणाचं? मी ऐकलं होतं, रडायला आलं होतं. ती कॅसेटच होती ना?

धूळपाटी
विल्यम बसिन्स्की, 'द डिसइंटिग्रेशन लूप्स'. कॅसेट नव्हे, मोठ्या रिळाच्या टेपचे लूप. जुने लूप २००१ मध्ये डिजिटल करायला बसला तर टेप फिरता फिरता तिच्यावरचा लेपच झडायला लागला, प्रत्येक फेऱ्याला आवाज थोडा थोडा गळत गेला. त्याने मशीन बंद न करता ते झडणंच रेकॉर्ड केलं.

स्पष्टवक्ता
ते मात्र मीही ऐकलंय आणि ते चांगलं आहे. पण तिथे मूळ सूर सुंदर होते म्हणून त्यांचं झडणं लागतं मनाला. फ्रिज झडला तर कोण रडणार? कृपया हलके घ्या, पण मुद्दा खरा आहे. बिघाडाला अर्थ यायला आधी काहीतरी धड असावं लागतं.

अनाहत
हा मात्र चांगला मुद्दा काढलात. तरी मी म्हणेन की अर्धविरामच्या कॅसेटमध्ये लय आहे, आणि लय हेच धड.

अर्धविराम
मोजून आलो. काडी तपकिरी सोडा, काळी निघाली. डॉल्बी बंद केल्यावर हुंकाराच्या वर एक बारीक शिट्टीसारखा सूर आहे हे पहिल्यांदाच कळलं, आठ वेळा ऐकून!

आकडे: सुरुवातीला दहा ठोके साडेचौदा सेकंद, शेवटी दहा ठोके एकोणतीस सेकंद. दहा लचकी सुरुवातीला पावणेनऊ सेकंद, शेवटीही पावणेनऊ.

टेपवाले_काका
वा. आकडे स्वतःच बोलतायत.

ठोका: साडेचौदावरून एकोणतीसवर गेला, म्हणजे हळूहळू मंदावतोय. कॅसेटमध्ये असं मंदावत जाणारं एकच असतं, उजवीकडचं टेप गुंडाळून घेणारं रीळ. सुरुवातीला रिकामं असतं तेव्हा भराभर फिरतं, टेप चढत जाते तसं जाड होतं आणि सावकाश फिरतं. हिशेब कर. एका ठोक्याला १.४५ सेकंद, टेपचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये सुमारे ६.९ सेंटिमीटर टेप जाते. तेवढा घेर म्हणजे व्यास २.२ सेंटिमीटर. रिकाम्या रिळाचा तोच व्यास असतो. डावं रीळ असतं तर उलट झालं असतं, सुरुवातीला सावकाश आणि शेवटी घाई.

लचक: ०.८७ सेकंद, शेवटपर्यंत तेवढीच. म्हणजे ज्याचा व्यास बदलत नाही असं काहीतरी. ०.८७ गुणिले ४.७६ म्हणजे ४.१ सेंटिमीटर घेर, व्यास १.३ सेंटिमीटर. आता डेकचं झाकण उघड, पट्टी घे आणि तो रबराचा पिंच रोलर मोज. मोजलास की त्याच्यावर बोट फिरव.

अर्धविराम
…तेरा मिलिमीटर. आणि एका जागी चपटा आहे. खड्डा बोटाला लागतोय.

टेपवाले_काका
बारा वर्षं प्ले दाबलेलं, बारा वर्षं रोलर कॅपस्टनच्या दांडीवर दाबलेला. रबर बसणारच. दर फेऱ्याला तो खड्डा दांडीवर आला की टेपची पकड ढिली होते आणि सूर लचकतो. लचक तुझ्या डेकची आहे. ठोक्याचं अजून सांगता येत नाही, दुसरी कुठलीही कॅसेट लाव, ठोका आला तर तोही तुझाच.

बोका
अनाहतताई, लयीची उत्तम जाण असलेला तो कलाकार सापडला. रबराचा आहे.

अनाहत
मी धाग्यातून रजा घेते.

स्पष्टवक्ता
मी काहीही बोलणार नाही. फक्त हा प्रतिसाद मुद्दाम टाकून जातोय.

अर्धविराम
दुसऱ्या कॅसेटवर ठोका नाही. लचक आहे. (डेक खाली काढल्यापासून गाणी ऐकताना कशी कळली नाही? बहुतेक गाण्यात गायकच लचकतात म्हणून.) मग इनलेमधला डाउनलोडचा कोड टाकला. त्या फाइलमध्ये ठोका आहे, तसाच मंदावत जाणारा. लचक अजिबात नाही. हुंकार अगदी सरळ, ताठ.

म्हणजे माझ्या त्या दोन जागा, तिसऱ्या मिनिटाची आणि सोळाव्याची, त्या फाइलमध्ये नाहीतच. ठोका येतो आणि जातो, जुळायला समोर काही नाही. दोनदा ऐकली, दुसऱ्यांदा पुरती ऐकवली नाही.

चाळीस_प्रती
अहो पण मग ठोका त्यांनी ठेवला ना! त्यांच्या मास्टर म्हणजे मूळ कॅसेटचं रीळ कुठेतरी घासत असणार, तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये आला, आणि त्यांनी ऐकून ठरवलं की राहू दे. चाळीस प्रती काढताना तो ठोका त्यांच्या कानावर तासन् तास पडला असणार, तरी राहू दिला. तो मंदावत जातो म्हणून तर राहू दिला असेल, साइड किती शिल्लक आहे ते त्याच्यावरून कळतं. मला तरी ही कल्पना आवडली. आता मेल कर त्यांना.

साठ_नव्वद
आणि काय लिहिलंस ते इथे टाक.

अर्धविराम
केला होता. सगळं लिहिलं, आकड्यांसकट. आजच उत्तर आलं, तीन वाक्यं:

"ठोका आमचा. लचक आमची नाही. रोलर बदलायच्या आधी तुझ्या डेकवरची ए साइड रेकॉर्ड करून पाठव."

निवांत
आई गं.

अनाहत
रजा रद्द! मी परत आले. म्हणजे मी चुकले नव्हते, फक्त कलाकार दोन होते आणि त्यांची ओळख नव्हती.

स्पष्टवक्ता
आता ती साइड ते कॅसेटवर काढणार, ती कोणीतरी तिसरा आपल्या खड्डेवाल्या डेकवर लावणार, आणि तो इथे येऊन विचारणार की कॅसेट खराब आहे का. मला मात्र एक फाइल पाठव रे अर्धविराम. लचकीवाली.

टेपवाले_काका
रेकॉर्ड करताना डेकच्या मागच्या लाइन आउटमधून घे, हेडफोनच्या जॅकमधून नको. आणि त्याआधी बेल्ट बघ, बारा-तेरा वर्षांत त्याचा डांबरासारखा चिकट लगदा व्हायला लागला असेल, रेकॉर्डिंगच्या मध्येच तुटेल.

अर्धविराम
बेल्ट बघितला काका, बोटाला काळं लागतंय पण चालतोय. आज रात्रीच घेतो. रोलर अजून मागवलेला नाही.

नवखा_७७
नमस्कार, धागा आत्ताच पाहिला, फार माहितीपूर्ण चर्चा. मला पण असली कॅसेट घ्यायची आहे पण डेक नाही. कुठला घ्यावा?

बोका
बारा वर्षं प्ले दाबून ठेवलेला.

टेपवाले_काका
नवीन धागा काढा, सांगतो.